छापण्याआधी वाचून दाखवायचं

उपप्राचार्यांनी आमच्या अंकावर चहाचा कप ठेवला. टेबल अख्खं मोकळं होतं, तरी अंकावरच ठेवला.

"हे तू लिहिलंस?"

केबिनमध्ये तीन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मी उभी होते. बाजूला संस्थेचे एक संचालक भजी खात बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरांना म्हणाले, "हिनं नाही हो लिहिलेलं. हिची ती कुवत वाटत नाही."

सर म्हणाले, "तेही खरंच. यांच्यातल्या पोरांना साधा अर्ज धड लिहिता येत नाही. आणि हे बघा, किती ठसक्यात लिहिलंय."

आणि मी हसले.

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं लिहिताना मी ते हळूच गाळून टाकीन. मला माझी सवय माहीत आहे. मला बिनकुवतीची म्हणाले आणि मी त्या वाक्याच्या आडोशाला पटकन जाऊन उभी राहिले. बरं वाटलं तिथं.

"नाही सर, मी नाही लिहिलं."

"मग कोणी?"

"रुबिनानं."

कुणी धमकावलं नाही, दरडावलं नाही. दुसऱ्यांदा विचारावंसुद्धा लागलं नाही.

"आणि ही बाई कोण? जिला हात मागं घ्यायला लावले म्हणून एवढा गहजब केलाय?"

"माहीत नाही सर."

ती बाई माझी आई होती.

आमच्या अंकाचं नाव 'चौथी खिडकी'. जळगावच्या आमच्या कॉलेजात ऑफिसला पाच खिडक्या, त्यातली चौथी शिष्यवृत्तीवाल्यांची. मोठ्या कागदाची घडी घातली की चार पानं होतात, ती झेरॉक्सवर काढायची, पंधरवड्यातून एकदा. कॉलेजचा स्वतःचा वार्षिकांक होताच, गुळगुळीत कागदाचा. त्यात संचालकांचे फोटो आणि स्नेहसंमेलनाची वर्णनं. रांगेत उभं राहणाऱ्यांचं त्यात काही नसे. म्हणून आमचा अंक.

आम्ही सात जण. संपादक कोणीच नाही. पहिल्या बैठकीत संपादक कोण यावरून इतके भांडलो की शेवटी ते पदच नको म्हणालो. दर अंकाला चिठ्ठी टाकायची. जिची किंवा ज्याची चिठ्ठी निघेल, त्या अंकाची जबाबदारी त्याची. ठरावांची एक लांब वही होती, तिच्यात सगळं लिहायचं, खाली सह्या करायच्या.

नियम तीन. लेखाखाली नाव छापायचं नाही, छापलं ते सातांचं. कुणीही विचारलं तरी उत्तर एकच, आम्ही सातांनी लिहिलं. दुसरा, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं, मग तो वर्गातला मित्र असो नाहीतर प्राचार्य. लिहिणाऱ्यानं जायचं नाही, जबाबदारानं जायचं. त्याला काही म्हणायचं असेल तर त्याच पानावर तेवढीच जागा. आणि तिसरा, कुणाला अंकातून काढायचं असेल तर त्याला जिन्यात बसवायचं आणि बाकी सगळ्यांचे हात वर व्हायला हवेत. एक जरी हात खाली राहिला तरी तो माणूस राहिला.

वाचून दाखवायचा नियम रुबिनाचा. ती म्हणायची, "पाठीमागं काय, कुणीही बोलतं. आपण तोंडावर वाचू."

या नियमांचा आम्हाला फार गर्व होता. मला जरा जास्तच. नव्या पोरांना वही दाखवताना मी घटना लिहून काढल्यासारखा चेहरा करायचे.

बैठका रुबिनाच्या वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर व्हायच्या. सलीमचाचा गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. वर रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि फोमचे तुकडे, त्यांच्यावरच आम्ही बसायचो. खाली मशीन चालू असायचं. भांडणाचा आवाज फार वाढला की चाचा मशीन थांबवून म्हणायचे, "बेटा, थोडं हळू. गिऱ्हाईक पळतंय."

आता आईचं. आई रावेरला केळीच्या पॅकिंगला जाते. घडाच्या फण्या कापायच्या, पाण्यात धुवायच्या, खोक्यात भरायच्या. केळीचा चीक हाताला लागला की काळा पडतो आणि साबणाला दाद देत नाही. शिष्यवृत्तीच्या हमीपत्रावर पालकाची सही ऑफिसात समोर हवी होती, म्हणून ती एक दिवस काम पाडून जळगावला आली. ठेवणीतली साडी नेसली होती. सही ती मोठेपणी शिकलेली, गावातल्या बायांच्या वर्गात. गाडीत तिनं दोनदा तळहातावर बोटानं गिरवून पाहिली.

खिडकीतल्या क्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यानं आईचे हात पाहिले.

"ओ बाई, कागदाला हात लावू नका. डाग पडतील. हात मागं घ्या."

आईनं हात मागं घेतले. पदरात लपवले.

"सरकारचे जावई," तो रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि कागद घाण करून देतात वर."

रांग हसली. रांग म्हणजे कोण, आम्हीच. मग त्यानं हमीपत्र माझ्याकडं सरकवलं आणि आईच्या नावाची सही मलाच करायला लावली. मी केली. आई बघत होती.

रुबिना आमच्या मागं दोन माणसं सोडून उभी होती. तिनं ते लिहिलं. कुणाचं नाव घातलं नाही, नुसतं घडलं तसं. बैठकीत ते वाचलं गेलं आणि छापायचं ठरलं. त्या अंकाची चिठ्ठी नेमकी माझी निघालेली. मी क्लार्कला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "झालं? निघ." आईलाही वाचून दाखवायचं होतं. मी रावेरला जाऊन आले आणि बैठकीत सांगितलं, दाखवलं.

दाखवलं नव्हतं. पिशवीतून कागद काढलाच नाही. लाज वाटायची तर क्लार्कची वाटायला हवी होती. मला आईच्या हातांची वाटली.

अंक निघाला. जबाबदार म्हणून केबिनमध्ये मला बोलावणं आलं आणि तिथं काय झालं ते सांगितलंच.

दोन दिवसांनी सलीमचाचांना बोलावलं. दुकान बंद करून ते आले, धुतलेला शर्ट घालून. सरांनी त्यांच्याकडून माफीनामा लिहून घेतला. पहिला कागद परत दिला, कारण त्यात 'माझ्या मुलीची चूक' हे शब्द नव्हते. चाचांनी दुसरा लिहिला. हे मला रुबिनानंच सांगितलं, ऑफिसबाहेर, माझा हात धरून. मला म्हणाली, "तू सोबत थांब ना जरा." मी थांबले. माझ्याएवढं निर्लज्ज माणूस त्या दिवशी जळगावात दुसरं नसेल.

बैठक झाली. नाव फुटलं होतं आणि ते सातांपैकीच कुणीतरी फोडलं होतं. संशय गोपालवर गेला. गोपाल दुसऱ्या वर्षाचा, चाळीसगावहून रोज गाडीनं यायचा. त्याचा चुलता ऑफिसात शिपाई. शिवाय त्याच दिवशी तो ऑफिसात दिसला होता, रेल्वे पासच्या कागदावर शिक्का घ्यायला. एवढं पुरे झालं.

त्याला जिन्यात बसवलं. वही माझ्याकडं. मीच विषय लिहिला, मीच म्हटलं, हात वर करा. चार हात लगेच गेले. रुबिनाचा जाईना.

"मला खात्री वाटत नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. "तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "दुसरं कोण असणार?"

तिनं हात वर केला. माझा आधीच वर होता. माझा एक हात खाली राहिला असता तर तो पोरगा वाचला असता. नियमच तसा होता, आणि तो आम्ही असल्याच वेळेसाठी केला होता.

ठराव सांगायला जिन्यात मलाच जावं लागलं. गोपाल पायरीवर बसला होता, मांडीवर डबा.

"बठ्ठास्ना हात व्हतात का?" सगळ्यांचे का, असं त्यानं विचारलं.

"हो."

"तुनाबी?"

"माझाही."

तो उठला, डबा पिशवीत टाकला आणि उतरून गेला. पुढच्या वर्षी त्यानं चाळीसगावलाच प्रवेश घेतला असं कळलं.

परीक्षा झाल्या, निकाल लागला. रुबिना आणि मी दोघींनी धुळ्याच्या एकाच कॉलेजात समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला होता. दोघींची नावं यादीत लागली. वर्तणुकीचा दाखला जोडायचा होता. माझा एका दिवसात मिळाला. त्यावर लिहिलं होतं, वर्तन उत्तम. रुबिनाला सांगितलं, फाईल सरांच्या टेबलावर आहे. ती रोज जायची. कधी सर मीटिंगला, कधी सर दौऱ्यावर. शेवटच्या दिवशी ती केबिनबाहेर ऑफिस बंद होईपर्यंत बसून होती. मी त्या दिवशी धुळ्यात होते, प्रवेशाच्या रांगेत.

तिची जागा गेली. ती वडिलांच्या दुकानात बसायला लागली. मी धुळ्याला राहायला गेले. आम्हा जुन्यांकडं अंकाचं एकच काम राहिलं होतं, नव्या पोरांना सगळं शिकवून वही त्यांच्या हातात द्यायची. त्यासाठी महिन्यातून एकदा मी एसटीनं जळगावला यायचे, चाचांच्या माळ्यावर बसायचे. रुबिना मला धुळ्याचं विचारायची. वर्गात काय शिकवतात, पुस्तकं कुठली. मी सांगायचे. सांगताना तिच्या तोंडाकडं बघणं व्हायचं नाही, म्हणून रेक्झिनकडं बघून सांगायचे.

ऑगस्टात मूळ गुणपत्रिका घ्यायला कॉलेजात गेले. शिपायानं निरोप दिला, सरांनी आत बोलावलंय. या वेळी त्यांनी खुर्ची दिली.

"धुळ्याला कसं चाललंय? चांगलं शीक. तू समजूतदार आहेस. तुमच्या लोकांत असा समजूतदारपणा कमी असतो. आईवडिलांनी वळण चांगलं लावलंय तुला."

मी ऐकत होते.

"यंदा पोरांनी ते पुन्हा सुरू केलंय. नवी पोरं कोण कोण आहेत, तेवढी चार नावं सांग. मागच्या वेळेसारखं. बाहेर कुणाला कळणार नाही, मागच्या वेळीही कळलं नाही ना?"

किती मायेनं बोलत होते. शिवी दिली असती तर कदाचित मी पुन्हा हसले असते. पण त्यांनी मला आपल्यात घेतलं. मला खुर्ची देऊन त्यांच्या बाजूला बसवलं, चाचांच्या समोर, गोपालच्या समोर, आईच्या समोर. आणि वळणाचं श्रेय आईला दिलं. हे मला सोसलं नाही. मी खुर्चीवरून उठले.

"सर, ती बाई माझी आई आहे."

"कोण बाई?"

"जिचे हात मागं घ्यायला लावले ती. मागच्या वेळी मी खोटं बोलले. आणि रुबिनाचं नाव मी सांगायला नको होतं. आता एकही नाव सांगणार नाही."

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "दिलेला दाखला परतही घेता येतो, एवढं लक्षात ठेव."

केबिनबाहेर येऊन मला वाटलं, झालं, मी धीट झाले. कसली धीट. गुन्हा कबूल केला होता तो गुन्हेगारापुढंच. ज्यांचं वाटोळं केलं त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. तशीच दुकानात गेले. रुबिनानं बाकी सगळ्यांना फोन करून बोलावून घेतलं, मी कारण सांगत नव्हते तरी.

मी उभ्यानं सांगितलं. नाव मी फोडलं. आईला वाचून दाखवलं नव्हतं. गोपालचा काही संबंध नव्हता आणि हे हात वर करताना मला माहीत होतं. खाली मशीन थांबलेलं होतं. चाचा ऐकत होते.

"मला काढा," मी म्हणाले आणि जिन्यात जाऊन बसले. गोपाल बसला होता तिथंच. आतून आवाज येत होते. एकजण शिव्या देत होता, आणि बरोबर देत होता. मग रुबिनाचा आवाज आला, शांत.

"मी हात वर करणार नाही."

"अगं, तुझंच वर्ष गेलं!"

"म्हणूनच. काढलं की सुटली ती. धुळ्याला जाईल, चार दिवस रडेल आणि विसरेल. तिला राहू द्या. पुढचा अंक तिच्याकडं. हे सगळं तिनं लिहायचं."

मला आत बोलावलं. मी म्हणाले, धुळ्याचा प्रवेश सोडते. रुबिना पहिल्यांदा चिडली.

"सोडून काय होईल? माझी तारीख गेली. एक बाक रिकामा राहील, बस. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मला त्यात ओढू नकोस. शिक. आणि लेखाखाली तुझं नाव छाप."

"नाव छापायचं नाही असा नियम आहे," कुणीतरी म्हणालं.

"तो सातांनी केलेल्या कामाला. हे सातांनी केलेलं नाही."

तसा ठराव वहीत लिहिला गेला, रुबिनाच्या अक्षरात. सगळ्यांनी सह्या केल्या. मी जिना उतरले तेव्हा चाचांनी पाय सरकवून वाट दिली आणि मशीन सुरू केलं.

मी लिहिलं. तुम्ही वाचताय ते हेच. फक्त आधी जे लिहिलं त्यात वाचून दाखवण्याचं नव्हतं, ते आता जोडते आहे.

पहिलं आईला. रावेरला पॅकिंगच्या शेडमध्ये, जेवायच्या सुट्टीत, खोक्यांच्या आडोशाला. ती भाकरी खात ऐकत होती. 'माहीत नाही सर' या ओळीपाशी मी आले तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

"मीच ती, अन् तुले माहीत नाही?"

"हो."

मी नियम सांगितला, तुला काही म्हणायचं असेल तर तेवढीच जागा आहे.

"लिही," ती म्हणाली. "मले सही येते. बस, इतकंच लिही."

मग डबा झाकून उठली. "चाल, मले गाडी भराची हाये." जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. तिच्या जागेत मी ते एवढंच वाक्य ठेवलंय, आणि खाली तिची सही. तिनं स्वतः केली. कागदावर बोटांचे डाग पडलेत, तेही झेरॉक्समध्ये उमटू द्यायचं ठरलंय.

मग चाळीसगाव. गोपाल एका मोबाईलच्या दुकानात अर्धा वेळ काम करतो. मला पाहून त्यानं काउंटर पुसायला घेतलं. मी उभ्यानं वाचलं. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्यानं हातानं मला थांबवलं, त्याचं काम करून पाठवलं आणि म्हणाला, "वाच. पुरं वाच."

संपल्यावर म्हणाला, "छाप. पन मी परत येवाव नही."

"तुला काही म्हणायचंय?"

"मनी जागा कोरी ठेव."

त्याची जागा कोरी आहे. तिसऱ्या पानावर. छपाईतली चूक समजू नका.

रुबिनाला आणि चाचांना दुकानात वाचलं. रुबिना म्हणाली, माझं उत्तर मी ठरावात दिलंय. चाचांनी एकच दुरुस्ती सांगितली. माफीनामा दोनदा नाही, तीनदा लिहायला लावला होता. मुलीला तिसऱ्याचं सांगितलं नव्हतं.

शेवटी केबिन. सर म्हणाले, वेळ नाही. मी म्हणाले, पंधरा मिनिटं लागतील, आमचा नियम आहे. आणि सुरुवात केली. ते फोनवर बोलू लागले, मी आवाज चढवला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. गोपालचा चुलता तो. त्याला बाहेर जा म्हणाले, तो गेला नाही. संपलं तेव्हा सर म्हणाले, "धुळ्याच्या तुझ्या प्राचार्यांना मी ओळखतो. एक फोन पुरे आहे."

"करा सर. तुमच्या उत्तराला पाऊण पान ठेवलंय. सोमवारपर्यंत द्या."

"आणि नाही दिलं तर?"

"कोरं छापू. पण रुबिनाचा दाखला तुमच्या टेबलावर अडकलाय, तो द्या. पुढच्या वर्षी तिला पुन्हा अर्ज करायचाय."

त्यांनी दाराकडं बोट दाखवलं.

सोमवार झाला. उत्तर आलं नाही, दाखलाही आला नाही. हा अंक चौथ्या खिडकीसमोर मी स्वतः वाटणार आहे. धुळ्याचा प्रवेश राहील की जाईल मला माहीत नाही आणि आता त्यावर माझं काही अडलेलं नाही. दाखला रुबिनाच्या हातात पडेपर्यंत दर शनिवारी मी धुळ्याहून येईन आणि केबिनच्या दारात उभी राहीन. खुर्ची दिली तर बसणार नाही. हटकलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचीन. रुबिनानं मला माफ केलेलं नाही, करू नये. दाखला मिळाला तरी करू नये. मी तेवढ्यासाठी उभी राहणार नाही. मी उभी राहणार आहे कारण तो कागद माझ्यामुळं तिथं अडकलाय आणि तो मीच तिथून काढणार आहे.